‘धार्मिक श्रद्धा : निरंक’

प्रति,
नाशिक जिल्ह्यात दुसऱ्याचं मूल आपल्या घरात सांभाळणाऱ्या आणि सांभाळायचा विचार करणाऱ्या सगळ्या कुटुंबांना.

प्रत माहितीसाठी : ज्यांच्या टेबलावर या मुलांचे फॉर्म भरले जातात, त्या सगळ्यांना.

सप्रेम नमस्कार.

वसुबारसेची संध्याकाळ होती. आमच्याकडे पितळेचं गाय-वासरू आहे, सासूबाईंच्या वेळचं. ते चिंचेने घासून पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं. आत गवारीची भाजी नि बाजरीची भाकरी तयार होती. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होती. माझं झालं तशी म्हणाली, “मावशी, आणि वाघ?”

“कसला वाघ?”

“आज वाघबारस ना.”

मी हसले. “अगं, इथे नाशिकात कुठला वाघ! फार तर बिबट्या, तोही गंगापूर रोडला उसात.” तीही हसली, पण उशिरा. माझ्यासारखीला बरं वाटावं म्हणून मुलं हसतात ना, तशी.

तिचं नाव लिहीत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं. घरात दुसरं कुणी लहान नाही, म्हणून ती आमची धाकटी. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची, कोकणा समाजाची. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील इकडचे तिकडे केलेत. वडील नाहीत, आई द्राक्षबागांत कामाला येणारी, आजारपणात अडकलेली. गावी आजी आहे, पण तिला एकटीला झेपत नाही. म्हणून बालकल्याण समितीच्या आदेशाने ती आमच्या घरी आली. दत्तक नाही, फॉस्टर केअर. सरकारी मराठीत काहीतरी ‘प्रतिपालकत्व’ वगैरे म्हणतात, आमच्या कामवाल्या ताईंनी एका वाक्यात समजावून घेतलं : “म्हणजे आई बरी होईस्तोवर तुमच्याकडे ठेव.” ठेव. यापेक्षा चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही, आणि मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलंय.

तर ही ठेव आमच्याकडे येऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तीन महिन्यांत मला तिच्या लसी, तिची उंची, तिला गणितात किती येतं, डोक्यात उवा किती, सगळं ठाऊक होतं. वाघबारस ठाऊक नव्हती. त्या रात्री तिची फाइल काढली. बाल न्याय कायद्याच्या नियमांत प्रत्येक मुलासाठी ‘व्यक्तिगत काळजी योजना’ करायला सांगितली आहे आणि तिचा छापील नमुनाही आहे. आहार-आरोग्य, भावनिक आधार, शिक्षण, खेळ-विरंगुळा, नातेसंबंध असे रकाने एकाखाली एक येतात, आणि त्यांच्याच रांगेत एक रकाना आहे ‘धार्मिक श्रद्धा’. आमच्या प्रतीत त्यासमोर लिहिलं होतं : निरंक. म्हणजे, काही नाही.

फॉर्म कुणी भरला, कुठल्या कार्यालयात भरला, हे सांगून काही उपयोग नाही. प्रत मिळाल्याची आणि वाचल्याची सही माझीच आहे. आरोग्याचा रकाना मी दोनदा वाचला होता. या रकान्यावरून माझी नजर घरंगळत गेली, कारण मला वाटलं होतं, नऊ वर्षांच्या पोरीला कसली आलीय धार्मिक श्रद्धा!

हे पत्र त्या एका शब्दाबद्दल आहे.

आधी माझा गुन्हा सांगते, म्हणजे मी वरच्या पाटावर बसून बोलतेय असं वाटणार नाही. धाकटी आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन फ्रॉक, एक शाळेचा दाखला आणि फडक्यात बांधलेली एक लहानशी पुरचुंडी होती. पुरचुंडी तिने आल्या दिवशीच न विचारता माझ्या तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. मला वाटलं, खेळ असेल. दिवाळीनंतर डबा उपसला तर तांदळात सोंडे झालेले. पुरचुंडी सोडून पाहिली. आत मूठभर जुनी नागली, तिलाही कीड. मी ती गॅलरीत चिमण्यांना टाकली, फडकं घंटागाडीत गेलं, डबा उन्हात वाळवला, आणि विसरून गेले.

चार दिवसांनी तिने डब्यात हात घातला. कोपरापर्यंत. मग दुसरा हात. मग डबा उपडा करू का, असं माझ्याकडे न बघता विचारलं. मी सांगितलं काय झालं ते, अगदी सहज. ती रडली नाही, चिडली नाही. संध्याकाळी जेवली नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन गेली, आली, अभ्यास केला, आणि सबंध दिवसात माझ्याशी ‘हो’ नि ‘नाही’ यांपलीकडे बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या आजीला फोन केला. आजीचा स्वतःचा फोन नाही. शेजारच्या पोराच्या मोबाइलवर बोलावं लागतं, आणि त्या पाड्यावर रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. आजीने सांगितलं, ती कणसरी. धान्याची आई. नव्या घरी धान्य सरू नये म्हणून घरच्या कणग्यातली मूठभर नागली पोरीबरोबर दिली होती. मी पार ओशाळले. म्हटलं, “आजी, मी ती चिमण्यांना टाकली हो.” पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग आजी म्हणाली, “चिमन्यांनी खाल्ली ना? मंग काय वाया नाय गेली.”

म्हणजे बघा. पोरीने ती पुरचुंडी स्वतःच्या उशाखाली नाही ठेवली, माझ्या डब्यात ठेवली होती. माझ्या घरातलं धान्य सरू नये म्हणून. आणि कागदावर तिची श्रद्धा निरंक.

आता तुमच्याशी बोलते. आपण सगळे भल्या मनाची माणसं आहोत, त्यात शंका नाही. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेखाली मुलामागे महिन्याला ४,००० रुपये ठरलेत. त्यासाठी कुणी आजकाल घरात मूल घेत नाही. पण भल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य फार असतं : “आम्ही भेदभाव करत नाही हो, सगळे देव एकच.” मीही म्हणायचे. हळूहळू लक्षात आलं की हे वाक्य नेहमी ज्याचं घर असतं तोच म्हणतो. देव एकच असतील, तर दर वेळी मुलाच्याच देवाने आपल्या देवघरात येऊन विसर्जित का व्हायचं? आपला गणपती कधी त्यांच्या वाघदेवापाशी, गावाच्या शिवेवर, सूर्य-चंद्र-नाग-वाघ कोरलेल्या त्या फळीशेजारी जाऊन बसतो का? नाही ना. मग ते ‘एकच’ म्हणजे आपलं.

ओळखीच्या एका घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे, फॉस्टर केअरमधलाच. बौद्ध घरातला. गणपतीत आरतीच्या वेळी तो जिन्यात जाऊन उभा राहायचा. घरच्या गृहस्थांना ते लागलं. मला म्हणाले, “हात जोड म्हटलं, पूजा कर नाही म्हटलं. दोन हात जोडले तर काय बिघडतं?” मी त्यांना विचारलं, तुम्हाला बावीस प्रतिज्ञा माहीत आहेत का? १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना दिल्या त्या. त्यांतली एक थेट गौरी-गणपतीबद्दलच आहे : त्यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. या पोराच्या घरात त्या प्रतिज्ञा भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या होत्या. तुमच्या दृष्टीने दोन हात जोडायचे; त्याच्या दृष्टीने आजोबांनी दिलेला शब्द मोडायचा. गृहस्थ गप्प झाले. चांगला माणूस; पुढच्या वर्षी आरतीच्या वेळी त्याला दुकानातून बर्फ आणायचं काम सांगितलं. म्हणजे जिन्यात उभं राहायला नको, पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला नकोत. मला ही युक्ती पूर्ण पटलेली नाही. पाहुण्यांना सरळ सांगायला हवं होतं. पण जिन्यापेक्षा बर्फ बरा.

आणि आपण कुठल्या जिल्ह्यात राहतो याची तरी आठवण ठेवावी. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो याच शहरात. दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. धर्म जन्माने चिकटतो तसा माणसाला विचारपूर्वक ठरवताही येतो, हे ज्या मातीत जाहीर झालं, तिथे आपण एका पोराला जिन्यात उभं करतो.

शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. शरणपूर हे नाव कुठून आलं, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. १८५४च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने ती वस्ती वसवली. ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे आणली जात. सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख शिकवत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याच्या शेवटच्या मोहिमेत जेकब होता, लिव्हिंग्स्टनचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, आणि १८७४मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीचा खांदेकरी होता. या मुलांना जहाजाच्या तळातून वाचवलं, खाऊ घातलं, हाताला कला दिली. याचं मोल कमी कसं करू? पण जेकब वेनराइट हे नाव काही त्याच्या आईने ठेवलेलं नव्हतं. छप्पर देणाऱ्याने नाव आणि देवही द्यायचा, ही त्या काळची रीत होती आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. नाशिकला परकी मुलं सांभाळायचा अनुभव पावणेदोनशे वर्षांचा आहे, असं मी गमतीने म्हणते. त्यातून काय शिकलो हा प्रश्न मात्र गमतीचा नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण “असं कुठे लिहिलंय?” हे विचारणारा एक मेहुणा प्रत्येक घरात असतो. १८९०च्या पालक व पाल्य कायद्यात, म्हणजे इंग्रजांच्या काळातच, कलम १७ सांगतं की पालक नेमताना न्यायालयाने मुलाचं वय, लिंग आणि धर्म बघावा, आणि मूल कळत्या वयाचं असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९चा. भारत त्यात ११ डिसेंबर १९९२ला सामील झाला. त्याचं विसावं कलम खास घराबाहेर वाढणाऱ्या मुलांसाठी आहे : मुलाच्या वाढण्यातलं सातत्य, त्याचा वंश, धर्म, संस्कृती आणि भाषा यांचा योग्य विचार झाला पाहिजे. चौदावं कलम मुलाच्या स्वतःच्या विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याचं आहे. संविधानाचं कलम २८(३) सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलावर धार्मिक शिक्षण लादायला मनाई करतं. शाळेला जे करता येत नाही, ते आपण स्वयंपाकघरात का करावं?

आणि २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४४ फॉस्टर केअरचं आहे, त्यात समितीने दर महिन्याला पालक कुटुंबाची पाहणी करावी असं आहे. पाहणीला येणारी ताई चहा घेते, शाळेचं प्रगतिपुस्तक बघते, वजन विचारते. मुलाला बाजूला घेऊन “तुला घरची कुठली गोष्ट इथे करता येत नाही?” एवढं विचारायला किती वेळ लागेल? रकाना भरणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे : तो मुलाच्या तोंडून भरा, मुलाच्याच शब्दांत. ‘हिंदू’, ‘मुस्लिम’, ‘निरंक’ असं एका शब्दात उरकू नका. ‘तांदळाच्या डब्यात कणसरी ठेवते, ती काढू नये’ असं लिहिलं असतं, तर चार दिवस एका लेकराने माझ्याशी बोलणं टाकलं नसतं. आणि एकदा भरून फाइल बांधू नका. मूल आठव्या वर्षी सांगतं ते आणि चौदाव्या वर्षी सांगतं ते एकच असेल असं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कुणी म्हणेल बाई मुलांना रूढींत गाडायला निघाल्यात. श्रद्धेचा मान म्हणजे मुलाच्या जातकुळीकडे बघून त्याला तिच्यात कोंडणं नव्हे. मला एक मुलगी माहीत आहे, जिच्या घरी उपासतापासाच्या नावाखाली तिला उपाशी ठेवत, मारत. तिला देवाचं नाव नको होतं. तिच्या पालक कुटुंबाने तिला कशातच बसवलं नाही, आणि तेच तिच्या बाबतीत बरोबर होतं. तिच्या रकान्यात खरोखर ‘निरंक’ लिहायला हरकत नव्हती, कारण ते तिने स्वतः सांगितलं होतं. बाकी, मूल तापाने फणफणलं असेल तर भगताकडे न्यायचं नाही, हे सांगायला माझी गरज नाही. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. मागच्या पावसाळ्यात धाकटीला ताप चढला. आजीचा निरोप आला, अंगारा लाव. आम्ही आधी डॉक्टर केला, रक्त तपासलं, गोळ्या सुरू केल्या. आणि मग संध्याकाळी अंगाराही लावला. आमचे हे म्हणाले, “तू? अंगारा?” म्हटलं, पॅरासिटामॉल तापाला, अंगारा आजीला.

दुसऱ्या टोकाची चूकही मीच केली, तीही ऐका. कणसरीच्या प्रकरणानंतर मला इतकं अपराधी वाटलं की मी प्रायश्चित्ताला लागले. बाजारातून वारली चित्रांच्या दोन फ्रेम आणून तिच्या पलंगावर लावल्या. पाहुणे आले की, “आमची धाकटी आदिवासी नृत्य करते हं, दाखव गं.” ती नाचली एकदा. दुसऱ्यांदा म्हणाली, पोटात दुखतंय. मग एक दिवस फ्रेमकडे बोट करून शांतपणे म्हणाली, “मावशी, हे आमचं नाही. हे वारल्यांचं.” मी तिला आधी पुसून टाकलं होतं, आता प्रदर्शनात मांडलं होतं. दोन्ही वेळा तिला विचारलं नव्हतं.

याउलट विचारून केलेलं कसं दिसतं, ते एका शेजारणीकडे बघितलं. त्यांच्याकडे मालेगावचा अकरा वर्षांचा मुलगा दीड वर्ष होता. शुद्ध शाकाहारी घर, लसूणसुद्धा बेतानेच. मुलाच्या मामीने आधीच सांगून ठेवलं होतं की मटण खाल्लं तर हलालच हवं. शेजारणीला वाटलं, सुटलो, आमच्याकडे मटण शिजतच नाही! पण पोराला मटण हवं होतं हो. धर्माचा प्रश्न मिटला होता, जिभेचा तसाच होता. शेवटी महिन्यातून एकदा मामीकडे मालेगावला जाऊन जेवून यायचं असं ठरलं, आणि मामीलाही भाचा भेटायला लागला. रमजान आला. रोजा लहान मुलांवर बंधनकारक नसतो, हे शेजारणीने मामीलाच विचारून घेतलं. पोर म्हणालं, शुक्रवारचे करीन. मग शुक्रवारी पहाटे सव्वाचारला त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागायचा. पोहे, दूध, दोन खजूर. शेजारीण स्वतःच्या चतुर्थीला जितक्या मनाने उठते तितक्याच मनाने उठायची. ईदच्या सकाळी तिचे यजमान त्याला ईदगाह मैदानावर घेऊन गेले. मामा आत त्याच्याबरोबर होता. यजमान बाहेर, पोराचे नवे बूट हातात धरून उभे. ओळखीचा कुणी भेटला आणि म्हणाला, “अहो, तुम्ही इकडे कसे?” तर म्हणाले, “बूट सांभाळतोय.”

हे मी मुद्दाम लिहिलं, कारण हल्लीच्या हवेत अशा गोष्टी कुणी सांगत नाही, आणि ऐकणारेही एकदम बाजू घेऊन बसतात. मुलाला त्याच्याच धर्माच्या घरी द्यावं, म्हणजे हे सगळे प्रश्न येणारच नाहीत, असं काहींचं म्हणणं असतं. जमलं तर जरूर द्यावं. पण आधीच मोजकी घरं पुढे येतात. जुळेल ते घर मिळेपर्यंत मूल संस्थेत किती वर्षं ठेवायचं? आणि धर्म जुळला म्हणजे श्रद्धा जुळली असं कुठे आहे? धाकटीच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदूच लिहिलंय. माझ्याही. तरी एकाच तिथीला मी गाय पुजते आणि ती, गाय खाणारा वाघ. तिच्या हिशोबाने हे अगदी सरळ आहे : वर्षभर गुरं रानात चारायची, तर ज्याच्या रानात चारायची त्याची आठवण नको का ठेवायला? गुराखी पोरं घरोघरी तांदूळ मागतात, वाघदेवापाशी खीर शिजवतात, एक पोरगा वाघ होतो आणि बाकीचे त्याला पिटाळतात. हे तिने मला सांगितलं ते वसुबारसेनंतर तब्बल आठ महिन्यांनी, भांडी पुसता पुसता. आठ महिने लागले, कारण मी पहिल्यांदा हसले होते.

म्हणून नव्याने मूल घेणाऱ्यांना माझं सांगणं : पहिल्या आठवड्यात विचारा. जेवताना काय चालत नाही? झोपताना काही म्हणतोस का? अंगावरचं काय काढायचं नाही? पिशवीतलं काय आमच्यासाठी आहे? हा शेवटचा प्रश्न मला आजीने शिकवला. मुलाला सांगता येत नसेल तर घरच्यांना फोन करा, टेकाडावर जावं लागलं तरी त्यांना जाऊ द्या. आणि मुलाने ‘काही नाही’ म्हटलं तर तेवढ्यावर थांबू नका. परक्या घरात पहिलं उत्तर नेहमी ‘काही नाही’ हेच असतं. ही मुलं परत जाणार आहेत, जायला हवीत. आजीकडे, मामीकडे, आईकडे. त्यांच्या देवापाशी परतल्यावर त्यांना तिथे परकं वाटलं, तर आपण ठेव वापरून टाकली असं होईल.

गेल्या वसुबारसेला धाकटीने विचारलं, रांगोळी मी काढू का. दारात तिने गाय काढली, वासरू काढलं आणि मागे, पायरीच्या अगदी कडेला, गेरूने पट्ट्यापट्ट्यांचा वाघ. समोरच्या वहिनी म्हणाल्या, “अगो बाई, गाईच्या मागे वाघ? घाबरेल ना ती!” धाकटी म्हणाली, “आज नाही खात तो. आज त्याला खीर आहे.” खीर मी केली होती. तांदळाचीच, गूळ घालून, आजीला फोनवर विचारून. दूध किती घालायचं यावर आमचं थोडं वाजलंही.

तांदळाच्या डब्यात आता नवी पुरचुंडी आहे. आजीने एसटीने आलेल्या एका शाळामास्तरांबरोबर पाठवली. मी डब्यात कडुनिंबाचा पाला घालते, सोंडे होऊ नयेत म्हणून. धाकटीची आई आता बरी आहे. सगळं नीट झालं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी जाईल. पुरचुंडी बरोबर नेणार की आमच्या डब्यात ठेवून जाणार, हे तिला विचारायचं राहिलंय.

आपली,
एक मावशी
नाशिक